जुन्या गाडीचा स्टार्टर

सातारा जिल्ह्यातील वाई गाव मागे पडले, की पाचगणीच्या वाटेवर पसरणीचा घाट लागतो. एकामागून एक वळणे घेत गाडी वर चढते आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर पाचगणीला पोहोचते. तेथे टेबललँडचे विस्तीर्ण पठार आहे, थंड हवा आहे, जुन्या निवासी शाळा आहेत. पावसाळ्यात तर समोरचा रस्ताही दिसू नये इतके धुके दाटते.

माणसाला ही हवा मानवते. जुन्या मोटारगाडीला मात्र ती मानवत नाही. ओलाव्यामुळे तारांच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढतो. थंडीने इंजिनातील तेल घट्ट होते आणि बॅटरीचा जोर कमी होतो. मग सकाळी मालक बटण दाबतो, तेव्हा एक 'टक्' असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. शेजारी उभा असलेला कोणीतरी लगेच म्हणतो, "सेल्फ गेला. नवा टाका."

सेल्फ म्हणजेच स्टार्टर. इंजिनाला पहिली फेरी देणारी ही विजेची मोटर. ती बंद पडली तर काय होते? सपाटीवर चार माणसे धक्का देतील. उतार असेल तर गाडी घरंगळत नेऊन सुरू करता येईल; म्हणून डोंगराळ भागातील जुने चालक गाडी नेहमी उतारावर उभी करतात. पण घाटाच्या चढावर इंजिन बंद पडले, तर मागे उतार असतो, त्या उतारावर वाहनांची रांग असते, आणि धक्का देणे जिवावर बेतू शकते. म्हणून स्टार्टर नीट असणे महत्त्वाचे आहे. परंतु 'नवा टाका' हा सल्ला दर वेळी बरोबर असतोच असे नाही. जुन्या इंजिनासाठी स्टार्टरचे सुटे भाग कसे निवडावेत, हे आपण या पाठात पाहू. मराठीत ज्यांना 'सुटे भाग' म्हणतात, त्यांनाच तुम्ही घरी 'पुर्जे' म्हणता. गॅरेजमध्ये दोन्ही शब्द चालतात.

प्रथम स्टार्टरचे काम समजून घेऊ. पेट्रोलचे इंजिन आपण होऊन फिरू लागत नाही. त्यात हवा आणि पेट्रोल ओढले जावे, ते दाबले जावे आणि मग ठिणगी पडावी, यासाठी कोणीतरी ते आधी फिरवावे लागते. पूर्वी हे काम हाताने करत. गाडीच्या पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालून ते जोराने फिरवत. कधी कधी इंजिन उलटा झटका देई. त्या झटक्याने मनगट किंवा हात मोडल्याची उदाहरणे अनेक होती. म्हणून हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा, असे जुने चालक शिकवत.

अमेरिकेतील डेटन शहरात चार्ल्स केटरिंग नावाचे एक अभियंते होते. दुकानातील पैशांच्या हिशेबाचे यंत्र हाताने न फिरवता विजेने चालावे, म्हणून त्यांनी एक लहान मोटर पूर्वी तयार केली होती. त्या कामातून त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. दिवसभर चालणारी मोटर मोठी हवी; पण जी मोटर काही क्षणच चालायची आहे, ती लहान असूनही तेवढ्यापुरते फार मोठे काम करू शकते. हाच विचार त्यांनी मोटारगाडीला लावला. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर बसवलेला होता. पुढे हँडल मारण्याचा त्रास हळूहळू संपला.

केटरिंग यांच्या विचारात एक इशाराही आहे. स्टार्टर ही क्षणभर धावणारी मोटर आहे. बटण सतत दाबून धरले, तर ती तापते आणि आतील तारा जळतात. म्हणून चार-पाच सेकंदच बटण दाबावे, मग थोडे थांबावे. अनेक स्टार्टर जुने झाले म्हणून नव्हे, तर चालकाच्या अधीरतेमुळे जळतात. घाटात 'अति घाई संकटात नेई' अशी पाटी असते ना? ती येथेही लागू पडते.

आता स्टार्टरच्या आत डोकावू. आत फिरणारा भाग असतो, त्याला आर्मेचर म्हणतात. फिरत्या आर्मेचरला वीज पोहोचवण्यासाठी कोळशाच्या लहान वड्या असतात. मिस्त्री त्यांना नुसते 'कार्बन' म्हणतात. आर्मेचरचा दांडा ज्या पितळी कड्यांत फिरतो, ते बुश. दांड्याच्या टोकाला एक छोटे दातेरी चाक असते, ते पिनियन. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाचे एक जड चाक असते. त्याच्या कडेवर दात असलेले पोलादी कडे घट्ट बसवलेले असते, त्याला रिंग म्हणतात. बटण दाबताच पिनियन पुढे सरकते, रिंगच्या दातांत अडकते आणि फ्लायव्हील फिरवते. इंजिन सुरू झाले, की पिनियन मागे येते. पुष्कळ जुन्या गाड्यांत पिनियन आट्यांवरून पुढे-मागे सरकते. या रचनेला बेंडिक्स म्हणतात.

समजा, पिनियनला १० दात आहेत आणि रिंगला १२०. म्हणजे पिनियन १२ वेळा फिरेल, तेव्हा फ्लायव्हील एकदा फिरेल. वेग कमी झाला, पण जोर वाढला. त्यामुळेच छोटीशी मोटर जड इंजिन हलवू शकते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. सेल्फ लागत नसेल तर काय बदलावे? डॉक्टर आधी नाडी पाहतात, मग औषध देतात. येथेही आधी निदान हवे. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. गाडीचे पुढचे दिवे लावावेत आणि एकाने दिव्यांकडे पाहत राहावे. दुसऱ्याने स्टार्टरचे बटण दाबावे.

दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी अशक्त आहे किंवा स्टार्टर अडकून बसला आहे. दिवे पूर्ण विझले, तर बॅटरीचे एखादे टोक सैल झाले किंवा गंजले आहे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि आवाजही आला नाही, तर वीज स्टार्टरपर्यंत पोहोचतच नाही, किंवा आतले कार्बन झिजले आहेत. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन हलत नाही, अशा वेळी बेंडिक्स मळले असेल किंवा त्याची स्प्रिंग तुटली असेल. आणि 'कर्र कर्र' असा आवाज आला, तर दात झिजले आहेत असे समजावे.

पाहा, एकाच तक्रारीची कितीतरी कारणे निघाली. यांतील काही कारणांसाठी एक पैशाचाही भाग विकत घ्यावा लागत नाही. तारेची टोके घासून घट्ट करणे किंवा बेंडिक्स रॉकेलने धुऊन स्वच्छ करणे एवढेच पुरते. बेंडिक्सला घट्ट ग्रीस लावले तर उलट नुकसान होते, कारण ग्रीसवर धूळ चिकटते आणि पिनियन अडकते. कार्बन झिजले असतील, तर नवे कार्बन लागतात. पूर्ण स्टार्टर लागत नाही. बुश झिजले असतील, तर खरादी नवे बुश करून देतो. आर्मेचरची तार जळली असेल, तर वाइंडिंग करणारा कारागीर ती पुन्हा गुंडाळून देतो.

तारांकडे विशेष लक्ष का द्यायचे, हे ओहमच्या नियमाने कळते. हा नियम तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. विजेच्या वाटेत रोध असेल, तर तेथे काही व्होल्ट वाया जातात. किती वाया जातात? विद्युतधारेला रोधाने गुणावे, म्हणजे उत्तर मिळते. गाडीचा पुढचा एक दिवा सुमारे ५ अँपिअर विद्युतधारा घेतो. स्टार्टर मात्र १०० ते २०० अँपिअर घेऊ शकतो. आता गंजलेल्या टोकाचा रोध एका ओहमचा फक्त शंभरावा भाग आहे असे समजा. १२ व्होल्टच्या गाडीत १०० अँपिअर विद्युतधारा वाहिली, तर १ व्होल्ट वाया जाईल आणि ११ उरतील. स्टार्टर फिरेल.

परंतु पुष्कळ जुन्या गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची असे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपही ६ व्होल्टवर चाले. तेवढेच काम करायला ६ व्होल्टच्या स्टार्टरला दुप्पट, म्हणजे २०० अँपिअर विद्युतधारा लागते. मग त्याच गंजलेल्या टोकावर २ व्होल्ट वाया जातात आणि सहांपैकी चारच उरतात. स्टार्टर कण्हत राहतो. म्हणून ६ व्होल्टच्या गाडीला अंगठ्यासारख्या जाड तारा लावलेल्या असत. पुढे कोणी त्या बदलून बाजारात सहज मिळणाऱ्या बारीक तारा लावल्या, की गाडी नीट सुरू होईनाशी होते. दोष तारेचा असतो आणि शिक्षा स्टार्टरला मिळते. पाचगणीसारख्या ओलसर हवेत तर तारांची टोके सर्वांत आधी तपासली पाहिजेत.

आता असे समजा, की सगळे तपासून झाले आणि स्टार्टर खरोखरच बदलावा लागणार आहे. अशा वेळी दुकानात जाऊन 'जुन्या जीपचा स्टार्टर द्या' एवढे सांगून भागत नाही. पाच गोष्टी माहीत असाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे व्होल्ट. गाडी ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची? ६ व्होल्टचा स्टार्टर १२ व्होल्टवर लावला, तर तो जोरात फिरतो आणि मालक खूश होतो. पण पिनियन दर वेळी रिंगवर हातोड्यासारखे आदळते. काही काळाने दात तुटू लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे अर्थिंग. आजच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडतात. मॉरिस मायनरसारख्या अनेक जुन्या इंग्रजी गाड्यांत धन टोक जोडलेले असे. येथे विज्ञानाची एक गंमत आहे. जुन्या स्टार्टरमध्ये चुंबकसुद्धा विजेनेच तयार होते. बॅटरीची टोके उलटी केली, तर आर्मेचर आणि चुंबक दोन्ही उलटतात, आणि मोटर पूर्वीच्याच दिशेने फिरते. पण काही नव्या, हलक्या स्टार्टरमध्ये कायमचे चुंबक असतात. ते उलटत नाहीत. असा स्टार्टर धन अर्थिंगच्या जुन्या गाडीला तसाच जोडला, तर तो उलटा फिरेल.

तिसरी गोष्ट म्हणजे दात. येथेच सर्वांत जास्त लोक फसतात. महायुद्धाच्या काळातील विलीज जीपच्या रिंगला ९७ दात असत. नंतरच्या जीपमध्ये १२४ दातांची रिंग आली, आणि आणखी काहींत १२९ दातांची. कड्याचा घेर जवळजवळ तोच. म्हणजे ९७ दातांच्या रिंगचा दात मोठा आणि १२४ दातांच्या रिंगचा दात लहान. स्टार्टर बाहेरून सारखे दिसतात, बोल्टही त्याच जागी बसतात. पण एका रिंगचे पिनियन दुसऱ्या रिंगला लावले, तर दात दातांत नीट बसत नाहीत. ते एकमेकांना खात राहतात.

चौथी गोष्ट म्हणजे फिरण्याची दिशा. पिनियनच्या बाजूने पाहिल्यावर काही स्टार्टर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, काही उलट. जुन्या स्टार्टरवर दिशा दाखवणारा बाण असल्यास तो पाहून ठेवावा.

पाचवी गोष्ट म्हणजे बसण्याची जागा. बोल्टच्या दोन छिद्रांतील अंतर, स्टार्टरच्या अंगाची जाडी, आणि पिनियन मागे असताना ते व रिंग यांमध्ये राहणारी फट, ही तिन्ही मापे घ्यावीत. फट राहिली नाही, तर इंजिन चालू असतानाही पिनियन रिंगला घासत राहील.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे जुना स्टार्टर बरोबर घेऊन जाणे. तोच नमुना. त्यावरील क्रमांक, त्याचे दात आणि त्याची मापे यांची नव्या भागाशी तुलना करावी. मुंबईच्या चोर बाजारात किंवा एखाद्या जुन्या दुकानात भाग हातात आला, तरी दुकानदाराच्या शब्दापेक्षा मोजलेल्या दातांवर विश्वास ठेवावा. दात मोजताना एका दातावर खडूने खूण करावी, म्हणजे मोजणी चुकत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी काळजी कशाला? चुकीचा भाग निघाला तर परत करू. पण अडचण वेगळीच आहे. चुकीचे पिनियन स्वतः तर खराब होतेच, शिवाय चांगली रिंगही खराब करते. स्टार्टर दोन-तीन बोल्ट काढले की बाहेर येतो. रिंग बदलायची तर गिअरबॉक्स किंवा इंजिनच उतरवावे लागते. तासाभराचे काम अनेक दिवसांचे होते. स्वस्त भागाने महाग भागाचा बळी घेतला, असे होते.

रिंग बसवण्याची पद्धतही जाणून घेण्यासारखी आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. धाव तापवली की ती प्रसरण पावते. मग ती चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. थंड होताना ती आकुंचन पावून चाकाला घट्ट आवळते. फ्लायव्हीलवर रिंगही अशीच तापवून चढवतात. फक्त तिच्यावर पाणी ओतत नाहीत, ती सावकाश निवू देतात, नाहीतर पोलाद तडकेल. जुन्या मिस्त्रींना आणखी एक गोष्ट ठाऊक असे. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा समोरासमोरच्या दोन ठरावीक जागीच थांबते. त्यामुळे रिंगचे दातही त्या दोन जागीच अधिक झिजतात. मग ते रिंग काढून, पाव फेरा फिरवून पुन्हा बसवत. झिजलेले दात बाजूला जात आणि न झिजलेले दात कामाला येत. नवी रिंग मिळत नसताना या युक्तीने कितीतरी गाड्या चालत राहिल्या.

आपल्या देशातील गाड्यांचा इतिहासही या निवडीत उपयोगी पडतो. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी स्थापन झाली. तिचे एक भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. याच कंपनीने विलीज जीप भारतात आणली. मुंबईत कुर्ल्याला फियाट गाड्या तयार होत. त्यांतूनच पुढे प्रीमियर पद्मिनी आली. बंगालमधील उत्तरपाड्याला तयार होणारी ॲम्बॅसेडर २०१४ साली बंद झाली. १९६१ साली मद्रासला लुकास-टीव्हीएस ही कंपनी सुरू झाली आणि गाड्यांचे विजेचे भाग देशातच तयार होऊ लागले. म्हणून ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनीचा भाग शोधणे त्यामानाने सोपे असते. त्याहून जुन्या, परदेशी गाडीचा भाग मात्र शोधावा लागतो, किंवा जुनाच दुरुस्त करावा लागतो.

जुनाच दुरुस्त करावा की नवा बसवावा, याचे एकच उत्तर नाही. गाडी रोज घाट चढणार असेल, तर खात्रीने चालणारा स्टार्टर हवा. गाडी वारसा म्हणून जपायची असेल, तर मूळ भागाला मोल असते. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ रूपात राखलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. तिच्या क्रमांकात 'व्ही ए' ही अक्षरे असतात. अशी गाडी प्रदर्शनाला किंवा मेळाव्याला नेता येते, रोजच्या वापराला नाही. तिचा सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांत मोठे फेरफार चालत नाहीत. म्हणून एक नियम लक्षात ठेवावा. नवा स्टार्टर बसवण्यासाठी इंजिनाला नवे छिद्र पाडावे लागत असेल किंवा काही कापावे लागत असेल, तर तो भाग आपल्या गाडीचा नव्हे. पुन्हा काढता येईल असाच बदल करावा, आणि जुना स्टार्टर पुसून, कापडात गुंडाळून जपून ठेवावा. उद्या त्याचे कार्बन किंवा बुश मिळतील आणि तो पुन्हा फिरू लागेल.

एक सूचना. हे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीशिवाय करू नका. मिस्त्री स्टार्टर काढण्यापूर्वी बॅटरीची सांगाड्याला जोडलेली तार आधी सोडवतो, गाडी गिअरमध्ये नाही याची खात्री करतो आणि चाकांना दगड लावतो. तुम्ही शेजारी उभे राहून पाहा, दात मोजा, मापे वहीत लिहा. मिस्त्रीलाही त्या वहीचा उपयोग होईल.

मित्रांनो, जुने यंत्र मुके नसते. मंद होणारा दिवा, 'टक्' असा आवाज, झिजलेला दात, या खुणांनी ते आपले दुखणे सांगत असते. ते आधी ऐकावे, मग मोजावे आणि त्यानंतरच खिशात हात घालावा. असे केले, तर कधी नव्या भागाची गरजच पडत नाही. आणि पडली, तर योग्य भाग मिळतो. मग घाटातल्या चढावरही ती जुनी गाडी एका बटणासरशी सुरू होते.

स्वाध्याय

१. सेल्फ लागत नसेल, तर दिव्यांची परीक्षा कशी घ्यावी? तिच्यातून कोणकोणते दोष कळतात?
२. ६ व्होल्टच्या गाडीला जाड तारा का लागतात? पाठातील उदाहरणाने समजावून सांगा.
३. एका पिनियनला ९ दात आणि रिंगला १२६ दात आहेत. फ्लायव्हीलचा एक फेरा होण्यासाठी पिनियनचे किती फेरे व्हावे लागतील?
४. 'स्वस्त भागाने महाग भागाचा बळी घेतला' असे लेखात का म्हटले आहे?
५. तुमच्या घरातील एखादी वस्तू बिघडली, तर नवा भाग आणण्यापूर्वी तुम्ही काय तपासाल? आठ-दहा ओळी लिहा.